आधी असेसमेंट, मग रंगरंगोटी

गावच्या घराची 'निवास व न्याहारी' म्हणून नोंदणी करायला मला साडेसहा महिने लागले. त्यातले जवळजवळ सहा ग्रामपंचायतीच्या कागदांनी खाल्ले. पोलिसांची चारित्र्य पडताळणी, अन्नाची नोंदणी, ऑनलाइन अर्ज, खोल्यांची पाहणी हे बाकीचं सगळं मिळून पंधरा दिवसांचं काम. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कागदांबद्दल सविस्तर. ज्यांचं घर कोकणात आहे आणि अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांनी रंगाचा डबा उघडायच्या आधी वाचावं.

कागद म्हणजे असेसमेंटचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8, कर आकारणीचं रजिस्टर. पहिली गफलत इथेच होते. मला दिलेल्या यादीत नुसतं '8 चा उतारा' लिहिलं होतं, आणि 'आठ' म्हटल्यावर आपले पाय आपोआप तलाठ्याकडे वळतात. तलाठी (2024 पासून पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, हाक अजून तलाठीभाऊ अशीच) देतो तो 8अ. त्यात तुमच्या खात्यावर गावात किती जमीन आहे ते असतं, घराचा उल्लेख नसतो. घर, घराचा नंबर, भिंती कशाच्या, छप्पर कसलं, लांबी-रुंदी, मालक कोण आणि घरपट्टी किती हे पंचायतीच्या नमुना 8 मध्ये. 8अ जोडून अर्ज पाठवलात तर तो परत येतो, आणि परत आल्याचं कळायला आठ दिवस जातात.

देशावर घर गावठाणात असतं. आपल्याकडे ते वाडीत, आंब्या-फणसात, एखाद्या सर्व्हे नंबरच्या हिश्श्यात असतं. त्यामुळे आपल्याला दोन कागद लागतात: जमिनीसाठी सातबारा, घरासाठी नमुना 8. ही दोन दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली म्हणजे घरावरही झाली असं धरून चालणारे निम्मे लोक इथे फसतात. मीही त्यातलाच.

सातबाऱ्याची बाजू खरं तर सोपी आहे. ई-हक्कवर (महसूल खात्याचं ऑनलाइन पोर्टल) वारस नोंदीचा अर्ज, सोबत मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. पंचायतीचा कारभार मात्र वेगळा. तिथे नाव बदलायला मासिक सभेचा ठराव लागतो. मासिक म्हणजे महिन्यातून एकदा, आणि एक सभा चुकली की तुमचा एक महिना गेला.

माझं कॅलेंडर सांगतो म्हणजे अंदाज येईल. नोव्हेंबरच्या मध्यावर अर्ज दिला. डिसेंबरची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. जानेवारीत विषय निघाला आणि बाजूला पडला, कारण संमतीपत्रावर एका आत्याची सही नव्हती. फेब्रुवारीत ठराव झाला. मार्चमध्ये नोंद रजिस्टरला चढायची होती, पण मार्चमध्ये पंचायतीत कोणी भेटत नाही. 31 तारखेच्या आत घरपट्टीची वसुली दाखवायची असते, त्यामुळे ग्रामसेवकापासून शिपायापर्यंत सगळे वाडीवाडीत फिरत असतात. उतारा हातात पडला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. शिक्का ओला होता, तो पुसला जाऊ नये म्हणून कागद उघडाच धरून बाहेर आलो.

आता यात माझं काय चुकलं ते.

विषय आधी विषयपत्रिकेवर घालून घ्या. सभेच्या नोटिशीत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असं एक कलम असतं. तुमचा अर्ज त्यात ढकलला तर सभा तिथवर पोचेपर्यंत निम्मे सदस्य उठलेले असतात, आणि बसलेल्यांपैकी एक जण 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो. म्हणून नोटीस निघायच्या आधी जाऊन आपला विषय नंबरासकट कागदावर बघा.

आत्यांना विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात 2005 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून मुलींचाही मुलग्यांइतकाच हक्क आहे हे सगळ्यांना ऐकून माहीत आहे, तरी संमतीपत्र लिहिताना काकांची यादी होते आणि आत्या राहतात. आत्या हयात नसेल तर तिच्या मुलांच्या सह्या लागतात. यादी करताना आजोबांपासून खाली वंशावळ काढा, एका पानावर, प्रत्येकाच्या नावापुढे हयात की मयत आणि मयत असल्यास तारीख. हे पान मला नंतर चार ठिकाणी उपयोगी पडलं. कोणी परदेशात असेल तर त्याची सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवा. कुलमुखत्यारपत्र मागवलं असेल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. टपालाच्या पाकिटावरचा शिक्का फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. आणि ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्पपेपर चालत नाही, पाचशेचा घ्यायचा. घरात जुने शंभराचे पडले असतील तर त्यांचा मोह सोडा.

नावाचा घोळ. आपल्याकडे माणसाला घरात एक नाव, कागदावर दुसरं. आजोबा असेसमेंटला 'बाबू', मृत्यू दाखल्यावर 'यशवंत'. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्या अर्जासोबतच जोडा, कोणी मागायची वाट बघू नका. माझ्याकडे ते मागितलं गेलं जानेवारीच्या सभेनंतर, म्हणजे सहीची त्रुटी निघाली त्याच दिवशी. दोन त्रुटी एकदम निघाल्या हे एका अर्थी नशीबच, नाहीतर फेब्रुवारीही गेला असता.

इथवर मी शांत होतो. डोकं फिरलं ते ना हरकत दाखल्यावर.

उतारा आला, आता पंचायतीचा ना हरकत हवा. एप्रिलच्या सभेत ठराव झाला, दाखला मिळाला, स्कॅन करून चढवला. आठवड्याने अर्ज परत. कारण दाखल्यावर लिहिलं होतं: 'हॉटेल व्यवसाय करणेस हरकत नाही.' मी मागितलं होतं निवास व न्याहारीसाठी. जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, हॉटेल काय नि न्याहारी काय, माणूस जेवणारच ना!" ठरावातच तसं लिहिलं गेल्यामुळे नुसता दाखला बदलून मिळेना. पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा महिना.

ही शब्दांची बारकाई वाटते तितकी फुकाची नाही. निवास-न्याहारी म्हणजे मालक कुटुंबासह त्याच घरात राहतो आणि घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देतो. केंद्राच्या 'अतुल्य भारत' योजनेतही अटी हेच सांगतात: मालकाचा मुक्काम घरात, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा. हॉटेल म्हटलं की तो वाणिज्य वापर, आणि मग घरपट्टीपासून विजेच्या मीटरपर्यंत प्रत्येक जण नवा दर घेऊन दारात. म्हणून ठरावाचा मसुदा स्वतः लिहून द्या. घर क्रमांक, सर्व्हे व हिस्सा नंबर, 'मालकाच्या राहत्या घरातील इतक्या खोल्या निवास व न्याहारीसाठी' एवढं एका वाक्यात. लिहून दिलेलं कोणी बदलत नाही, उलट काम वाचलं म्हणून खूश असतात. मी एप्रिलमध्ये तोंडी सांगितलं आणि मेमध्ये लिहून दिलं. मेमधला दाखला जसाच्या तसा आला.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी 'ठेवून जा' याला अर्थ नाही. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली नमुना 8 चा उतारा ही अधिसूचित सेवा आहे. मुदत मोजायची ती पोचेवरच्या तारखेपासून, आणि पोच नसेल तर मुदतही नाही. पोच मागितल्यावर चेहरे जरा बदलतात, ते बघायचं नाही.

आता पाहणीबद्दल, कारण तिथेही असेसमेंटचा एक सांधा आहे. नमुना 8 वरची मापं बाहेरून घेतलेली असतात, आणि खोली मोजतात ती आतून. जांभ्याच्या सव्वा फुटी भिंती असल्या की फरक केवढा पडतो बघा: बाहेरून 13 बाय साडेबाराची खोली आतून साडेदहा बाय दहा. म्हणजे 162 चौरस फुटांची झाली 105. केंद्राच्या योजनेत सिल्व्हर वर्गाला खोली किमान 120 चौरस फूट लागते आणि गोल्डला 200. जुन्या घरात 200 विसरा, ओटी सोडली तर तेवढं काही नसतं. 120 साठी मी कोठीची खोली आणि शेजारची खोली यांच्यामधली कुडाची भिंत काढली. कूड भार घेत नाही, त्यामुळे काढणं एका दिवसाचं काम. जांभ्याच्या भिंतीला हात लावण्याआधी मात्र आढं आणि वासे कशावर टेकलेत ते सुताराकडून बघून घ्या. टेप स्वतः लावा, भिंतीच्या गिलाव्याला टेकवून, कपाट-फडताळाच्या खाचा न धरता.

न्हाणीघर आणि संडास खोलीला जोडून हवा असेल तर तो कुठे काढायचा हा खरा प्रश्न. घर सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या पट्ट्यात असेल तर स्थानिकांना राहत्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, पण जोत्याचं क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी बाजू न बदलता. म्हणजे मागे चार फूट वाढवून न्हाणी बांधली की तुम्ही स्वतःच्या हाताने अडचण बांधली. मागची पडवी जोत्यातच असते, तिचा तुकडा घ्या. शोषखड्डा आणि टाकी विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभा सच्छिद्र आहे, पावसात खड्ड्यातलं पाणी कुठून कुठे झिरपेल याचा भरवसा नाही. गवंडी 'काय होत नाय' म्हणेल. त्याला त्या विहिरीचं पाणी प्यायचं नसतं.

बाकीचं पटकन. अन्नाची नोंदणी फॉस्कॉस या केंद्राच्या अन्नसुरक्षा पोर्टलवर होते. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरायची, वर्षाला 100 रुपये. एजंट याचे दोन हजार मागतात. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होतं, स्वतः करा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी 20 लाखांच्या पुढे. दोन-तीन खोल्यांच्या घराला तिथवर जायला बरीच वर्षं लागतील. ॲपवरून बुकिंग घेतलंत तर त्या बुकिंगवरचा कर ॲपवालाच भरतो. चारित्र्य पडताळणी ऑनलाइन, पण ती सगळ्यात शेवटी काढा. मी ती उत्साहात नोव्हेंबरमध्येच काढून ठेवली आणि मेमध्ये ताजी आणा म्हणाले.

परदेशी पासपोर्टचा पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म, 2025 पासून फॉर्म III) 24 तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. पाहुणा अस्सल कोकणी बोलत असला तरी पासपोर्ट बघा. टोरांटोहून सुट्टीला आलेल्या सावंतांच्या हातात कॅनडाचा पासपोर्ट असू शकतो. पोर्टलवरचं खातं पहिला पाहुणा यायच्या आधी उघडून ठेवा, कारण ते मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तुमचे 24 तास त्यासाठी थांबत नाहीत. पाहणीच्या वेळी पाहुण्यांचं रजिस्टरही दाखवावं लागलं, छापील नसलं तरी चालतं, पानांना नंबर हवेत.

आणि न्याहारी. पाहणीला आलेल्यांनी स्वयंपाकघरात दोनच गोष्टी बघितल्या: पिण्याचं पाणी कुठलं, आणि भांडी कुठे घासता. पदार्थ तुमची मर्जी. घावणे ठेवणार असाल तर नव्या तांदळाचं पीठ घेऊ नका, ते बिडाच्या तव्याला चिकटतं आणि पाहुण्यांसमोर पहिले चार चुरा होतात. जुना तांदूळ, एका वाटी पिठाला दोन वाट्या पाणी, त्यात सहाएक घावणे निघतात. पीठ खाली बसतं, दर वेळी पळी तळापासून फिरवा. माणशी तीन धरा, मुंबईहून आले असतील तर चार.

एक राहिलं. घरपट्टीची पावती चालू वर्षाची लागते. माझी नोव्हेंबरमध्ये भरलेली पावती 1 एप्रिलला जुनी झाली, आणि नव्या वर्षाचं मागणी बिल तोवर छापून आलं नव्हतं. त्यासाठी आणखी दोन खेपा. ज्यांना जमेल त्यांनी एप्रिलमध्ये सुरुवात करावी, नोव्हेंबरमध्ये नाही.