झेपेल तेवढं

शनिवार, रात्री

"आईला झेपेल तेवढंच करू." पुढच्या सीटवरून लेक जावयाला म्हणाली. हळू म्हणाली, पण मला ऐकू आलं. मी खिडकीतून इथली, अमेरिकेतल्या ओरेगनची, कोलंबिया नदी बघत राहिले.

झेपेल. हा शब्द माझ्यासाठी कधीपासून आला?

लॅटोरेलला गाडीतून उतरून थोडं चाललं की धबधबा समोरच. २२४ फूट, कड्याला न टेकता सरळ खाली. बेसॉल्टच्या खांबांवर पिवळंजर्द दगडफूल. खालच्या एका दगडावर हात ठेवला, तर हाताला आपलाच काळा कातळ लागला. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा दीड-पावणेदोन कोटींचा. पण जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला, ती गोष्ट दोन्हीकडे एकच. पुढे हिमयुगाच्या शेवटी महापुरांनी या दरीच्या कडा तासल्या आणि बाजूचे ओढे वर लटकत राहिले, म्हणून इतके धबधबे. चिऊला हे सांगायला घेतलं, तर लेक म्हणाली, "आई, दमशील. बस जरा." मी दमले नव्हते. मी शिकवत होते. तेहतीस वर्षं वर्गात उभं राहून हेच केलं.

हे असते तर... जाऊ दे.

मल्टनोमाला मात्र जत्रा. धबधबा ६२० फुटांचा, दोन टप्प्यांत पडतो, आणि मधोमध १९१४ सालचा काँक्रीटचा पूल. पुलावर चष्मा तुषारांनी भरून गेला. तो पुसत होते तेवढ्यात लेक म्हणाली, "इथपर्यंत छान झालं ना? आता खाली जाऊन कॉफी घेऊ." म्हणजे माझी हद्द पूल. ठरलेलं होतं. वर माथ्यापर्यंत अकरा वळणं, प्रत्येकाला नंबर. मी काही न बोलता चढायला लागले. मागून चिऊ आली, तिच्या मागून तिची आई.

वाटेत काळे पडलेले बुंधे अजून उभे आहेत. २०१७ च्या सप्टेंबरात पंधरा वर्षांच्या एका मुलाने फटाका फेकला आणि आग पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर संपला. त्या बुंध्यांच्या पायाशी आता हिरवं दाट रान माजलंय. मी बराच वेळ बघत उभी होते. खरं तर उजवा गुडघा बोलायला लागला होता. पाचव्या वळणावर मीच म्हटलं, इथे फोटो काढू आणि उतरू.

उतरताना डोळे भरून आले. गुडघ्यामुळे नाही. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून.

आत्ता तेल चोळताना माळशेज आठवला. धो धो पाऊस, आम्ही सगळे धबधब्याखाली, आणि आईला मी गाडीत बसवून ठेवलेलं. "तू घसरशील, तुला नाही झेपायचं," म्हणून. हातात उकडलेल्या शेंगांची पुडी दिली होती. तासाभराने परत आलो तर पुडी तशीच, दोराही न सोडलेला. मला वाटलं, भूक नसेल.

तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

लेकीवर आता काय रागवायचं! शब्द तिने माझ्याकडूनच उचललाय, आणि काळजीपोटीच उचललाय. तरी विचारायला हवं होतं, असं अजून वाटतंय. नाही म्हणायचं तर मी म्हणेन. मला नाही म्हणता येतं.

मघाशी ती दारात येऊन उभी राहिली. तेलाची वाटी बघितली, पण त्यावर काही बोलली नाही. म्हणाली, "पुढच्या शनिवारी पोनीटेलला जायचंय. धबधब्याच्या मागून वाट जाते, पाण्याच्या पडद्याआडून. येशील?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, चढ किती आहे.