पहाटे अडकणारी की

मशीनच्या पॅनलवर, म्हणजे कंट्रोलच्या पेटीच्या दारावर, चिकटवायचे बटणांचे चपटे कीपॅड आम्ही बनवतो. या धंद्यात गिऱ्हाइकाचा सगळा जीव रंगात. हिरव्याची छटा पॅनलच्या पेंटशी जरा जुळली नाही की नमुना परत. पोटात काय आहे हे मात्र कुणी विचारत नाही. वर पॉलिएस्टरची फिल्म. तिच्या पाठीवर उलटं छापायचं, म्हणजे बोटं घासून अक्षरं जात नाहीत. खाली सिल्व्हर इंकने छापलेलं सर्किट, मध्ये स्पेसर, म्हणजे दोन्ही अलग ठेवणारा थर. दाबायच्या जागी फट असते जेमतेम ०.२ मिलिमीटर.

त्या फटीत हवा असते, आणि तिला वाट लागते. स्पेसरमध्ये बारीक चॅनेल कापून ती आम्ही कीपॅडच्या पाठीमागे काढतो. कडेला काढली तर पाणी शिरेल. म्हणून पॅनलच्या दारालाही तिथेच ३ मिलिमीटरचं भोक हवं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून तक्रार आली. ऐन गाळपात स्प्रे पॉन्डजवळचे, म्हणजे पाणी गार करायच्या तळ्याजवळचे, पंप पहाटे चालू होत नाहीत, ऊन चढलं की आपोआप होतात. पॅनलवाल्यांच्या परचेस खात्याने काही न बघताच निकाल दिला: कीपॅड डिफेक्टिव्ह, सगळा लॉट बदलून द्या. मेलामेली करण्यापेक्षा रात्रीची एसटी धरली.

पहाटे चांगलीच थंडी होती. टेल, म्हणजे कीपॅडची पट्टीसारखी वायर, कंट्रोलरमधून काढून मीटर लावला. कुणाचं बोट नसताना स्टॉपची की शॉर्ट, म्हणजे दाबलेलीच! बाकीच्या ठीक. स्टॉप सगळ्यात रुंद, शिवाय चपटी, आत डोम, म्हणजे फिल्म उचलून धरणारा फुगवटा, नाही. वरची फिल्म आधी तिथेच बसणार. तेवढ्यात पंपावरचा माणूस म्हणाला, “सायेब, हाताचा पंजा ठेवून जरा शेकलं की चालतंय बगा.” परचेसवाल्यापेक्षा निदान त्यालाच जास्त कळलं होतं.

ब्लेडने कीपॅडचा कोपरा उचलत आत गेलो. चॅनेलपाशी पोचताच बारीकसा ‘फस्’ झाला आणि मीटर ओपन. दाराला भोकच नव्हतं. सपाट पत्र्यावर गम घट्ट बसून वाट बंद. दुपारी दार तापलं की हवा फुगून गमच्या कडेने हळूहळू बाहेर जायची. रात्री उरलेली आकसायची आणि बाहेरचा दाब फिल्म खाली दाबायचा.

फॅब्रिकेटरला फोन केला. म्हणे, नव्या ड्रॉइंगमध्ये भोक नाही. ड्रॉइंगवाला म्हणे, त्यातून वायर जात नव्हती, म्हणून काढलं.

चिकटवलेला कीपॅड सोलला की गेलाच. फिल्मला घडी पडते, सर्किट तडकतं. त्यामुळे दारं भोकं पाडून नीट केली तरी कीपॅड नवेच लावावे लागले. ते आमच्या खात्यावर टाकलेत, कारण कागदावर बिघाड कीपॅडचा. डेबिट नोट अजून टेबलावर आहे. सही केलेली नाही. साहेब म्हणतात, मोठं गिऱ्हाईक आहे, सोडून दे. ड्रॉइंगमध्ये भोक परत आलंय. ‘हे बुजवू नये’ एवढी ओळ शेजारी टाका म्हटलं, तर उत्तर नाही. त्याच मेलमध्ये लाल रंग थोडा गडद करून मागितलाय.