तीन आकडे, चार अज्ञाते

बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

आज वर्गात मी गप्प बसले आणि ते दुपारपासून मनातून जात नाही. गोष्ट इतकी लहान आहे की आईला फोनवर सांगण्यासारखीही नाही. सांगितली तरी ती आधी विचारणार, जेवलीस का.

साथरोगांच्या प्रतिमानांचा, म्हणजे साथ कशी पसरते ते गणितात मांडणाऱ्या मॉडेलांचा तास होता. सरांनी पडद्यावर १९२७ सालच्या निबंधातला तो आलेख लावला, जो या विषयाच्या विद्यार्थ्याला कधी ना कधी भेटतोच: मुंबई बेटावरील प्लेगचे मृत्यू, आठवड्यागणिक, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. ठिपके म्हणजे नोंदलेले मृत्यू आणि त्यांच्यामधून जाणारी रेषा म्हणजे केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचे सूत्र. हे काम याच एडिनबरात झाले. केरमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, म्हणजे ही सुबक रेषा त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नाही.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तर तुमचे शहर. तुम्ही काही सांगाल?” सगळ्या माना वळल्या. मी हसले आणि मान हलवली. “तेव्हा माझा जन्म झाला नव्हता” एवढा साधा विनोदसुद्धा मला वसतिगृहाचा जिना चढताना सुचला.

सांगण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. आम्हाला प्लेग माहीत असतो तो शाळेपासून, रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाईंमुळे आणि त्याच वर्षी चापेकरांनी मारलेल्या रँडमुळे. शिवाय माझगावच्या ज्या बीआयटी चाळीत मी वाढले, ती बांधणारा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला तोच मुळी प्लेगमुळे. पण हे तिथे सांगितले असते तर मी त्या वर्गातली विद्यार्थिनी न राहता पडद्यावरच्या आलेखाची तळटीप झाले असते. ज्या वर्गात बसण्यासाठी इथल्या मुलांच्या कितीतरी पट शुल्क भरावे लागते आणि ज्यासाठी बाबांनी... असो.

संध्याकाळभर मी स्वतःची कीव करत बसले. पाच वाजताच अंधार पडतो, त्यामुळे त्या कामाला वेळ भरपूर मिळतो.

मग लक्षात आले की मला खुपते आहे ते वेगळेच. बोलायला माझ्याकडे मुद्दा होता आणि तो गणिताचा होता. त्या रेषेचे सूत्र ८९० गुणिले हायपरबोलिक सेकंट (एक गणिती फलन, ज्याचा वर्ग घंटेच्या आकाराची रेषा देतो) याचा वर्ग असे आहे आणि कंसात ०.२t − ३.४, t म्हणजे आठवडे. म्हणजे आलेखातून हाती येतात ते तीनच आकडे, तर प्रतिमानात अज्ञाते चार: संसर्गाचा दर, रोगी साथीतून बाहेर पडण्याचा दर, सुरुवातीला लागण होऊ शकणारी माणसे आणि सुरुवातीचे रोगी. तीन आकड्यांवरून चार अज्ञाते ठरत नाहीत, मग रेषा ठिपक्यांतून कितीही देखणी जावो. हे मी रविवारीच वहीत लिहून ठेवले होते. सरांनी मला विद्यार्थिनी म्हणून विचारले असते तर बोलले असते. त्यांनी मुंबईकर म्हणून विचारले आणि माझी वाचा बसली.

आणि आता या वेळी कळते आहे की मुंबईकर म्हणूनही उत्तर तेच होते. सूत्रानुसार शिखर सतराव्या आठवड्यात येते, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. त्यापुढची उतरण प्रतिमान अशी समजावते की लागण होऊ शकणारी माणसे कमी झाली. मुंबईत एप्रिलनंतर काय होते ते मला कोणी शिकवायला नको: ऊन चढते, मग पाऊस येतो. हा प्लेग माणसाकडून माणसाकडे नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, पिसवांना ऋतू मानवावा लागतो आणि १८९६ पासून साथ वर्षामागून वर्ष परत येतच होती. माणसे संपल्यामुळे ती ओसरली असती तर पुढच्या हिवाळ्यात आली कशाला असती? उंदरांबाबत खुद्द त्या दोघांनीही सावधगिरीचे शब्द लिहून ठेवले आहेत. पाठ्यपुस्तके रेषा तेवढी घेतात.

साडेदहाला सरांना मेल केला, अज्ञातांचा आणि ऋतूचा. चाळीचे वाक्य दोनदा लिहिले, दोनदा खोडले, तिसऱ्यांदा राहू दिले.

वीस मिनिटांत उत्तर आले: उत्तम, पुढच्या बुधवारी अर्धा तास तुमचा, पावसाचे आकडे घेऊन या, आणि चाळीविषयीही बोला. म्हणजे आज दोन मिनिटे बोलून सुटले असते, तिथे आता अर्धा तास उभे राहायचे आहे. शनिवारी कपडे धुवायचे होते, तेही राहणार.