पोटखराबा

निवृत्तीनंतर तुम्ही लेखनाला सुरुवात केली, असे कोणी म्हटले की मला थोडे हसू येते, कारण तलाठी असताना जितके लिहिले तितके यापुढे माझ्या हातून लिहून होणार नाही. फेरफार, पीक पाहणी, वसुलीच्या नोटिसा, तहसीलला पाठवायचे अहवाल आणि पावसाळा लागला की पंचनामे. तेहतीस वर्षे रोज लिहिणारा माणूस ५८व्या वर्षी निवृत्त झाला आणि साठीच्या तोंडावर ‘नवोदित’ ठरला.

पहिला लेख अतिवृष्टीत पडलेल्या एका घराविषयी होता. पत्नीने तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, “अहो, सगळं बरोबर आहे, पण यात तुम्ही कुठे आहात?” मी कागद पुन्हा पाहिला. ‘सदर घर’, ‘निदर्शनास आले’, ‘सबब’. तीन पानांत ‘मी’ एकदाही नव्हता. कचेरीच्या मराठीत तो नसतोच. पाहणी केली जाते, जबाब नोंदवले जातात, आणि हे सारे कोणी केले ते शेवटच्या सही-शिक्क्यावरून काय कळेल तेवढेच. लेख एका दिवाळी अंकाकडे पाठवला होता, तो साभार परत आला. सवयीने त्याच्या कोपऱ्यात ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून मी तो फाइलला लावला.

उशिरा लिहू लागलेल्यांना लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला हटकून दिला जातो. त्यांचा जन्म १८६८चा आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ साली, तेव्हा साठीचे काय घेऊन बसलात, असे मित्र म्हणतात. धीर येतो, नाही असे नाही. पण लक्ष्मीबाईंची बोलती भाषा शाबूत होती, ती त्यांनी कागदावर आणली. मला आधी बरेचसे विसरायचे होते.

त्या पडलेल्या घराचेच पाहा. पंचनाम्यात मी लिहिले होते, ‘पूर्वेकडील मातीची भिंत अंदाजे १२ फूट लांबीची कोसळून संसारोपयोगी साहित्य व धान्य भिजले आहे.’ यात खोटे काही नव्हते. मात्र घरमालकीण म्हातारीने भिजलेली ज्वारी लुगड्यावर पसरली होती, पाऊस उघडल्याचा फायदा घेऊन ती दाणे हाताने मोकळे करीत होती, आणि माझी चिखलाची पायताणे कडेला आली तेव्हा मान वर न करता म्हणाली होती, “भाऊसाहेब, जरा अलीकडनं.” वय विचारले तर म्हणाली, “लिहा की तुमच्या मनानं.” मी ‘अंदाजे ७०’ लिहिले आणि शेजारच्या घरून आलेला चहा पिऊन पुढच्या घराकडे वळलो. नमुन्यात या गोष्टींना रकाना नव्हता.

सातबाऱ्यावर मात्र अशा गोष्टींसाठी एक जागा असते. तिला पोटखराबा म्हणतात. शेतातला खडक, खळे, शेतघर यांखालचे क्षेत्र ‘अ’ वर्गात आणि लोकांच्या वहिवाटीचा रस्ता किंवा ओढा यांखालचे ‘ब’ वर्गात दाखवतात. त्यावर आकारणी नसते, म्हणून वसुलीच्या दृष्टीने ते कोणाच्या खिजगणतीत नसते. पण ते त्याच गटात असते आणि एकूण क्षेत्रात मोजलेही जाते. किती गावांचे पोटखराबे मी नुसते आकडे म्हणून उतरवून घेतले! खरे तर मळणीच्या दिवसांत सगळे गाव खळ्यावर असते. आज माझ्या लेखनाला जे काही सुचते ते या बिनआकारणीच्या क्षेत्रातून, आणि त्यातही बहुतेक ‘ब’ वर्गातून, म्हणजे जिथून दुसऱ्यांची ये-जा होती तिथून.

म्हणून तो लेख फाइलमधून काढून पुन्हा लिहायला घेतला आहे. ‘सदर’ गेले, ‘सबब’ही गेले, ‘मी’ दोन ठिकाणी बिचकत का होईना उभा राहिला. अडले आहे ते लुगड्यापाशी. भिंतीची लांबी पाठ आहे, लुगड्याचा रंग आठवत नाही. “हिरवं लिहा, कोण बघायला येतंय,” असे पत्नी म्हणते. पण डोळ्यांनी न पाहिलेले कागदावर चढवायचे नाही, ही नोकरीतली एवढी एक सवय मला मोडायची नाही. त्या वाक्यात तूर्त रंगाची जागा कोरी आहे.