आमची वाटचाल : हलवा, मग ओता

आमची व्हिनेग्रेटची, म्हणजे सॅलडच्या पानांवर घालायच्या तेल-व्हिनेगरच्या ड्रेसिंगची, बाटली थोडा वेळ उभी राहिली की आत दोन थर पडतात. वर तेल, खाली व्हिनेगर. पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं, माल बिघडला. दुकानदारांनाही तेच वाटायचं. "जरा दाट करा, एकजीव दिसू दे" हा सल्ला आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता तो कानावरूनच जातो.

धंदा घरातूनच सुरू झाला. मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून. कृती अगदी साधी होती. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, मीठ, मिरपूड आणि चमचाभर मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट) एका बरणीत घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि खळखळून हलवायचं. आधी पाहुणे चव विचारत, मग बरणी मागू लागले, मग पैसे देऊ लागले. बहुतेक घरगुती धंदे असेच उभे राहतात, त्यात फार सांगण्यासारखं काही नाही.

खरं काम पुढे होतं. घरी केलेलं ड्रेसिंग त्याच जेवणात संपतं, विकलेली बाटली कपाटात पडून राहते. पहिली गदा आली लसणावर. आमच्या चवीचा जीव म्हणजे ठेचलेला ताजा लसूण. पण तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि तो स्वतः फारसा आंबटही नसतो. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना वाढायला अशीच जागा हवी असते. विष तयार झालं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही, म्हणजे नाकावर भरवसा ठेवायची सोय नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट; तो ४.६ च्या खाली असेल तर हे जंतू वाढत नाहीत. आम्ही ताजा लसूण काढून लसणाची कोरडी पूड घेतली, ती व्हिनेगरमध्ये भिजवू लागलो आणि आमची मर्यादा ४ च्या खाली ठेवली. जाऊबाईंना ही पूड अजूनही पटलेली नाही. घरच्या जेवणासाठी त्या आजही ताजा लसूणच ठेचतात, पण ते ड्रेसिंग त्याच दिवशी संपवतात.

प्रत्येक बॅचचा पीएच मोजला जातो. मीटर आधी ४ आणि ७ पीएचच्या द्रावणांत ताडून घ्यायचा, आणि मोजायचा तो फक्त खालचा आंबट थर. मीटरच्या टोकावर तेलाचा तवंग बसला की आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आता दाटपणाचं. झँथन गम, म्हणजे पदार्थ दाट करणारी पूड, आम्ही वापरून पाहिला. किलोमागे एक-दोन ग्रॅम पुरतो, आंबटात टिकतो, थर पडत नाहीत. दिसायला झकास! पण जिभेवर बुळबुळीत लागतो आणि पानावर पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतो. ज्यांचा माल महिनोन्महिने फळीवर उभा राहतो त्यांची गरज मला कळते, आमची ती नाही. आमच्याकडे हे काम मस्टर्ड करतं. मोहरीच्या टरफलातला चिकट पदार्थ आणि तिच्यातली प्रथिनं तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसतात आणि ते एकमेकांना पटकन मिळत नाहीत. बाटली हलवून पानांवर ओतून जेवण होईपर्यंत एवढं पुरतं. म्हणून लेबलवर सगळ्यात मोठी अक्षरं आहेत "हलवा, मग ओता" याची. कंपनीचं नाव त्याखाली.

बनवताना क्रम मोडायचा नाही. मीठ आधी व्हिनेगरमध्ये पूर्ण विरघळवायचं. तेलात ते विरघळत नाही, कण तळाशी बसतात आणि शेवटचा घास खारट लागतो. मग मस्टर्ड, मग बारीक धारेनं तेल. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल जोरात फिरणाऱ्या ब्लेंडरमध्ये घातलं की कडवट होऊ शकतं, म्हणून तेल आमच्याकडे शेवटी आणि सावकाश फेटलं जातं. व्हिनेगरचा नवा कॅन आला की आधी त्यावरची आम्लता वाचायची. ४ टक्क्यांच्या जागी ६ टक्क्यांचं आलं तर त्याच मापात आंबटपणा दीडपट होतो. आणि चव चमच्यानं घ्यायची नाही! चमच्यावर प्रत्येक व्हिनेग्रेट जहाल लागतं. पान बुडवायचं, झटकायचं, चावायचं. नवीन मुलींना हे पटवून देण्यातच निम्मं शिक्षण होतं.

बाटली आम्ही गडद काचेची घेतली. तेलाला उजेड लागला की ते लवकर खवट होतं, कारण एवढंच. थर चटकन दिसत नाहीत आणि दुकानदार गप्प बसतात, हा वरचा नफा.

तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच दोनच प्रकारच्या. फ्रिजमध्ये पांढऱ्या गुठळ्या झाल्या, हा पहिला. ते गोठलेलं ऑलिव्ह तेल असतं, थोडा वेळ बाहेर ठेवलं की मोकळं होतं. दुसरी तक्रार, पानं लगेच मान टाकतात. एका बाईंनी तर व्हिनेगर फार तेज आहे म्हणून बाटली परत पाठवली होती. खरा दोष तेलाचा. पानावरच्या मेणासारख्या थरातून पाणी सहज जात नाही, तेल मात्र आत शिरतं. त्यामुळे ड्रेसिंग वाढायच्या क्षणीच घालावं, आणि पानं धुतल्यावर खडखडीत कोरडी करावीत. ओल्या पानावरून ते ओघळून भांड्याच्या तळाशी जमतं.

सध्या लिंबाच्या रसाचा प्रकार मागितला जातोय. करायला सोपा, विकायला अवघड. प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, आणि ताज्या रसाचा वास बाटलीत फार दिवस राहत नाही. फळीवर ठेवण्याजोगा तो अजून जमलेला नाही, म्हणून तूर्त ऑर्डर आली तरच करतो, छोट्या बाटलीत, आणि फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा असं सांगूनच देतो.