सकाळी स्वेटर, दुपारी पंखा

लातूरची थंडी अर्धवेळ नोकरी करते. पहाटे ती पूर्ण जोमाने कामावर रुजू होते, साडेदहाच्या सुमारास कोणालाही न सांगता निघून जाते आणि दिवेलागणीनंतर पुन्हा हजेरी लावते. मधल्या वेळात इथे जवळपास उन्हाळाच असतो. डिसेंबरात पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरलेला पारा त्याच दिवशी दुपारी २८-३० अंशांवर जाऊन बसतो. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे बालाघाटच्या या पठारावर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने सोडून देते, असे त्याचे कारण आहे. कारण पटण्यासारखे आहे. मात्र सकाळी नऊला घर सोडून सायंकाळी सातला परतणाऱ्या मुलीने नेमके काय घालून बाहेर पडावे, याविषयी शास्त्र मौन बाळगते.

मी एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते आणि वरच्या मजल्यावरील एका खोलीत भाड्याने राहते. हिवाळ्यात माझा दिवस खोबरेल तेलाच्या बाटलीशी झटापट करण्याने सुरू होतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणजे या दिवसांत सकाळी ते बाटलीत असते, पण बाटलीबाहेर येत नाही. बाटली उलटी धरून कितीही ठोकली, तरी तोंडाशी एक पांढरा गोळा येऊन थांबतो. त्यावर उपाय म्हणून बाटली कढत पाण्याच्या बादलीत उभी करावी, तर तेल वितळेपर्यंत पाणी कोमट होते, आणि मग केसांना तेल हवे की अंगाला कढत पाणी, यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. तेल निवडले, तर डोक्यावर चोपून बसवलेले ते तेल दुपारी दोनच्या सुमारास पातळ होऊन कपाळावर उतरू लागते आणि नेमके त्याच वेळी एखादे ज्येष्ठ ग्राहक काचेपलीकडून वाकून, ‘मॅडम, घाम फुटलाय तुम्हाला, बीपी बघून घ्या,’ असा सल्ला देतात.

घरमालकीण काकूंच्या मते या सर्व दुःखाचे मूळ गीझर हे आहे. त्यांच्या अंगणात तांब्याचा बंब आहे आणि तुराट्या व पऱ्हाट्या घालून तो पहाटे पाचलाच पेटवला जातो. ‘गीझरचं पाणी अंगाला लागत नाही गं बाई, वरच्या वर निघून जातंय,’ असा त्यांचा सिद्धान्त आहे. पाण्याने अंगावरून निघून जाणे, यालाच अंघोळ म्हणतात, असे मी त्यांना कधीही सुनावलेले नाही, कारण बंबाचे पाणी खरोखर सुखाचे असते आणि ते मला फुकट मिळते. त्याची किंमत वेगळ्या रीतीने वसूल होते. पऱ्हाट्यांचा धूर ओल्या केसांत असा काही मुरतो की, तो कोणत्याही शाम्पूला दाद देत नाही. मागच्या हिवाळ्यात आमचे हेड कॅशियर सर माझ्या शेजारून गेले, थबकले आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाले, ‘हुरड्याला जाऊन आलात वाटतं. आम्हाला काय, कुणी विचारतच नाही.’ वास बंबाचा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. परंतु त्यांनी ते मनापासून मानले आहे, असे मला आजही वाटत नाही.

यानंतर पोशाख. आतून जाड बनियन, त्यावर कुर्ता, त्यावर स्वेटर, त्यावर सनकोट, हातमोजे आणि शेवटी डोळे सोडून सर्व चेहरा झाकणारा स्टोल, अशी सिद्धता झाल्यावर स्कूटीची किल्ली आतल्या खिशात राहिली आहे, हे लक्षात येते. किल्ली मिळाली की स्कूटी सुरू होत नाही. थंडीत तिचे सेल्फ स्टार्टचे बटण केवळ शोभेसाठी असते आणि एवढे कपडे घालून किक मारताना पाय जितका उचलावा असे वाटते, तितका तो उचलला जात नाही. स्कूटी अखेरीस सुरू होते, तोवर अंगात इतकी ऊब आलेली असते की, स्वेटरची गरजच उरत नाही. पण तो काढायचा तर पुन्हा स्टोलपासून सुरुवात करावी लागेल.

मराठवाड्यातील मुली उन्हाळ्यात उन्हासाठी, एरवी धुळीसाठी आणि हिवाळ्यात गारठ्यासाठी तोंड बांधतात, त्यामुळे रस्त्यावर कोण कोणाची कोण लागते, हे ओळखण्याचे साधन म्हणजे गाडीचा रंग. एकदा सिग्नलला माझ्या शेजारी माझ्याच रंगाच्या स्कूटीवर एक बाई येऊन थांबल्या. त्यांचाही चेहरा पूर्ण झाकलेला होता. त्यांनी माझ्याकडे वळून, कोणतीही प्रस्तावना न करता, ‘अगं, त्या लोकांनी होकार कळवला का?’ असे विचारले. मी काही बोलण्याआधीच त्यांनी मुलाच्या आईचा स्वभाव, साखरपुड्याचा खर्च कोणी उचलायचा यावरून झालेली बोलाचाली आणि ‘तुझ्या जाऊबाईंना यातलं काही कळू देऊ नकोस’ ही सूचना, एवढे सगळे त्या लाल दिव्याच्या अवधीत मला सांगून टाकले. हिरवा दिवा लागला आणि त्या निघून गेल्या. मला जाऊबाई नाहीत. पण असत्या, तर मी त्यांना खरोखर काहीही कळू दिले नसते.

शाखेतील हिवाळा नोव्हेंबरात सुरू होतो, तो निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांनी. जिवंत असल्याचा हा वार्षिक पुरावा बोटाच्या ठशावर देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली. सोय उत्तम आहे, परंतु थंडीने कातडी कोरडी पडते, बोटांना भेगा जातात आणि शेतीत राबलेल्या हातांवरील रेषा तर मुळातच पुसट झालेल्या असतात. मग यंत्र ठसा नाकारते. एका आजोबांचे एकामागून एक बोट नाकारले गेल्यावर ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘बाई, मी इथं तुमच्यासमोर जिता उभा हाय. आता तुम्ही दोघं बसून काय ते ठरवा.’ तेव्हापासून मी खणात व्हॅसलीनची मोठी डबी ठेवते. बोटाला थोडे चोळायचे, कापडाने पुसायचे आणि मग ठसा घ्यायचा, असा हा घरगुती उपाय पुष्कळदा लागू पडतो. त्याची कीर्ती इतकी पसरली आहे की, ज्यांचा ठसा पहिल्याच झटक्यात उमटतो, त्या आजीबाईसुद्धा ‘मला नाही का लावायचं?’ असे विचारतात, आणि एकीने तर हातापासून सुरुवात करून टाचांपर्यंत सर्व काम काउंटरसमोरच्या खुर्चीवर निवांत बसून उरकून घेतले. मागे रांग उभी होती. रांगेतील कोणीही तक्रार केली नाही. दोघींनी डबी मागून घेतली.

२०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला देता येऊ लागला आहे. त्यासाठी मोबाइलसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करावी लागते, आणि अर्थातच माकडटोपी काढावी लागते. इथे गाडे अडते. नोव्हेंबरात डोक्यावर चढलेली टोपी महाशिवरात्रीपर्यंत उतरवायची नाही, असे व्रत घेतलेले अनेक जण आमच्या तालुक्यात आहेत. ‘टोपी काढली अन् गारठा बाधला, तर पुढच्या वर्षी दाखला द्यायला कोण येणार?’ हा एका निवृत्त गुरुजींचा युक्तिवाद माझ्या माहितीतील कोणत्याही परिपत्रकाने खोडून काढता येत नाही.

दुपारी पंख्याचा प्रश्न निर्माण होतो. आम्ही काउंटरवरच्या मुली सकाळचे सर्व थर एकेक करून खुर्चीच्या पाठीवर रचत जातो आणि अडीचच्या सुमारास पंख्याकडे पाहू लागतो. हेड कॅशियर सर मात्र मफलर गुंडाळून बसलेले असतात आणि ‘हिवाळ्यात पंखा’ हे शब्द एकत्र उच्चारणेच त्यांना अशुभ वाटते. अखेरीस रेग्युलेटर एकवर ठेवण्याचा तह होतो. या वेगात पंख्याची पाती मोजता येतात, वारा कोणालाही लागत नाही आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकल्याचे समाधान मिळते. बँकेत मी पाहिलेल्या वाटाघाटींपैकी ही सर्वांत यशस्वी आहे.

रात्री आठला आईचा फोन येतो. आमचे गाव परभणी जिल्ह्यात आहे आणि मराठवाड्यात गारठ्याची बातमी आली की, तीत परभणीचे नाव बहुधा सर्वांत वर असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदवलेले तापमान वर्तमानपत्रात छापून येते आणि आई ते मला घरातील कोणी परीक्षेत पहिले आल्याच्या आनंदात वाचून दाखवते. लातूरचा आकडा दीड-दोन अंशांनी अधिक असला, की तिच्या दृष्टीने मला थंडी वाजण्याचा अधिकारच उरत नाही. तरीही ‘स्वेटर घातलास का?’ हा प्रश्न मात्र ती न चुकता विचारते.

या सगळ्याचा कळस वेळ अमावास्येला होतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला सारे शहर कुलपे लावून शेतात जाते. ही अमावास्या इंग्रजी महिन्यांना जुमानत नाही. २०२२ मध्ये ती २३ डिसेंबरला झाली, पुढच्या वर्षी अधिक श्रावण आल्याने २०२३ मध्ये ती आलीच नाही, आणि २०२४ मध्ये ११ जानेवारीला व ३० डिसेंबरला अशी दोनदा आली. जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, शाळा आणि कचेऱ्या बंद राहतात. मात्र ही सुट्टी बँकांना लागू होत नाही. परिणामी ज्या शहरात कुत्र्यांशिवाय कोणी मागे उरलेले नाही, त्या शहरात आम्ही वेळेवर शटर उघडून, संगणक सुरू करून, ग्राहकांच्या सेवेसाठी सज्ज होऊन बसतो. अशा दिवशी दाराशी पाऊल वाजले, की सर्व जण एकदम उठून उभे राहतात. गेल्या वेळी आलेले ते एकमेव गृहस्थ खाते काढायला आलेले नव्हते. शेताचा रस्ता विचारायला आले होते.

अशा स्थितीत अर्ध्या दिवसाच्या रजेला कोणीही नाही म्हणत नाही. मी आमच्या शाखेतील एका ताईंच्या शेतात गेले. कडब्याची खोप, तिच्यात पूजेसाठी दगडांचे मांडलेले पाच पांडव, तूर, हरभरा, वाटाणा आणि हाती लागतील त्या भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातील गार आंबील, असा तो थाट असतो. आंबिलीची एक अडचण आहे. ती आंबट-गार आणि अतिशय निरुपद्रवी लागते, म्हणून माणूस एकामागून एक पेले रिचवतो, आणि मग शेजारच्या बांधावरून ‘आमच्या खोपीत आल्याशिवाय जायचं नाही’ असे बोलावणे येते. तिथे पुन्हा आंबील. तिथून पुढच्या शेतात पुन्हा आंबील. शेवटी मी चिंचेच्या सावलीत घोंगडीवर अशी काही झोपले की, तिकडे मोठा अधिकारी तपासणीला आला असता, तरी उठले नसते.

सकाळी घालून आलेला माझा जांभळा स्वेटर भर दुपारी बोजा झाला होता, म्हणून मी तो बैलगाडीच्या साटीवर टाकला होता. जागी झाले तेव्हा उन्हे कलली होती, गारठा पुन्हा कामावर आला होता आणि स्वेटर मात्र जागेवर नव्हता. ताईंच्या दोन्ही लेकरांनी तो ज्वारीच्या मधोमध उभ्या असलेल्या बुजगावण्याला घातला होता, बाह्यांतून काठी ओवली होती आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणे लावली होती. अंगात भरलेला तो स्वेटर माझ्यापेक्षा बुजगावण्याला बरा दिसत होता, हे मान्य करावे लागेल. काढायला जावे, तर वाटेत कणसांवर आलेली ज्वारी तुडवली जाईल, म्हणून ताईंच्या सासूबाईंनी मला थांबवले आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर घालून रवाना केले.

दोन आठवड्यांनी मी ताईंकडे स्वेटरचा विषय काढला. त्यांनी तिथल्या तिथे सासूबाईंना फोन लावून माझ्या हाती दिला. ‘आता नको बाई,’ त्या म्हणाल्या, ‘लई चांगली राखण करायलाय तो. पाखरं बांधावर बसून बघायलीत, पण आत येईना झालीत. हुरड्याला ये, तवा बघू.’ हुरड्याला मी गेले. आगटीत भाजलेली कणसे, हातावर चोळलेले कोवळे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ, सगळे यथासांग झाले. निघताना मी स्वेटरकडे बोट दाखवले, तेव्हा सासूबाईंनी मला किलोभर हुरडा बांधून दिला आणि सांगितले की, बाजूच्या शेतात अजून बुजगावणे उघडेच आहे, दुसरा एखादा जुना स्वेटर असेल तर पुढच्या वेळी घेऊन ये.