म्युनिकची रात्र, नागपूरची सकाळ आणि थांबलेला बॅच जॉब

हिवाळ्यात म्युनिक नागपूरच्या साडेचार तास मागे असतं. इथे म्युनिकला रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणून डेटाबेसमधल्या मोठ्या टेबलांच्या ओळी गटागटाने (बॅचमध्ये) बदलणारे जॉब नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरातली आमची टीम चालवते. इथले ग्राहक झोपलेले असतात आणि नागपूरची मंडळी ताजीतवानी.

परवा तिथून एका मुलीचा फोन आला. "दादा, जॉब अर्ध्यातच थांबला न! मेमरी आहे, डिस्क आहे, सीपीयू निवांत आहे. काहून थांबला, समजून नाही राहिलं."

लॉगमध्ये एरर १४६१ होता, म्हणजे आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसची प्रीपेअर्ड स्टेटमेंटची मर्यादा संपली होती. सर्व्हर क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा, साचा एकदा पार्स करून (वाचून-समजून) ठेवतो आणि पुढे फक्त व्हॅल्यू घेतो, ते प्रीपेअर्ड स्टेटमेंट. अशी किती उघडी ठेवायची याला मुळात १६,३८२ ची मर्यादा आहे, आणि तीही सगळ्या कनेक्शनची मिळून. बरेच जण नेमके इथेच चुकतात.

आमचा जॉब ओळींच्या आयडींची यादी 'इन'मध्ये, म्हणजे 'आयडी या यादीतला हवा' या अटीत, भरायचा; साच्यात प्रत्येक आयडीच्या जागी एक प्रश्नचिन्ह. आधीच बदललेल्या ओळी गाळल्यामुळे कधी ९९७ आयडी, कधी ८१२. प्रश्नचिन्हं कमी-जास्त झाली की सर्व्हरच्या लेखी ती वेगळीच क्वेरी. डेटाबेसशी बोलणारी आमची लायब्ररी प्रत्येक कनेक्शनवर हजारपर्यंत स्टेटमेंट जपून ठेवत होती. सतरा कनेक्शन भरली की हिशेब १७,००० वर जातो.

कुणीतरी लगेच मर्यादा वाढवायचं सुचवलं. नव्या आवृत्त्यांत ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. माझा त्याला ठाम विरोध होता, कारण प्रत्येक उघडं स्टेटमेंट सर्व्हरची मेमरी खातं आणि नवनवी स्टेटमेंट साठत जाण्याची गळती तशीच राहते.

आम्ही क्वेरीचा साचाच कायम केला: 'आयडी > ?', आयडीप्रमाणे क्रम, लिमिट १००० (एका वेळी जास्तीत जास्त हजार ओळी). बॅचचा शेवटचा आयडी पुढच्या बॅचला द्यायचा. अपडेटही यादीने नाही, तर पहिल्या आणि शेवटच्या आयडीच्या मधल्या पट्ट्यावर, गाळायची अट त्याच क्वेरीत. ओळी कितीही निघोत, प्रश्नचिन्हं तेवढीच. ऑफसेट, म्हणजे 'पहिल्या इतक्या ओळी सोड' हे सांगणं, मुद्दाम टाळला. टेबलात खोल गेल्यावर तो आधीच्या सगळ्या ओळी वाचून फेकून देतो आणि प्रत्येक बॅच आधीपेक्षा हळू होते. स्टेटमेंट लूपच्या बाहेर तयार करायचं आणि काम झाल्यावर बंद करायचं, हेही ठरलं.

मग तिने स्क्रीन शेअर करून जॉब पुन्हा चालवला. 'प्रीपेअर्ड_एसटीएमटी_काउंट' हा उघड्या स्टेटमेंटचा आकडा आम्ही दोघंही बघत होतो. आधी बॅचगणिक चढणारा तो आकडा आता हलेचना. मला मनापासून आनंद झाला. इतक्या बारकाईचं काम नागपुरात बसून होतं, हे घरच्यांना कळावं म्हणून तर हे लिहितोय.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी 'इन'ऐवजी '= एनी' वापरून पूर्ण यादी एकाच अॅरे पॅरामीटरमध्ये, म्हणजे एकाच प्रश्नचिन्हाच्या जागी, द्यावी; साचा तिथेही एकच राहतो. आमच्या बाकीच्या जॉबमधल्या 'इन' याद्या तिने शोधायला घेतल्यात.